उपग्रहाची फिरकी, जमिनीवरच!

22 जून 2016 रोजी श्रीहरिकोटाहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी34 या अग्निबाणाने 20 उपग्रह कक्षेत सोडले. त्यांतला ‘स्वयम्’ हा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला होता. वजन जेमतेम एक किलो. इंदापूर-बारामतीच्या मुलांना ‘आपल्या जिल्ह्यातला उपग्रह’ म्हणून त्याची ओळख करून द्यायला हरकत नाही.

अंतराळात उपग्रह नुसता पोचून भागत नाही. त्याचे तोंड योग्य दिशेला हवे, नाहीतर अँटेना भलतीकडेच राहते. स्वयम् मध्ये यासाठी चुंबक होता. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो. पण सुई आधी बराच वेळ हेलकावते. तिला शांत करणारे हवेचे आणि टेकूचे घर्षण कक्षेत जवळजवळ नसतेच. म्हणून अशा उपग्रहांत खास लोहचुंबकीय पदार्थाच्या कांड्या बसवतात. प्रत्येक हेलकाव्यात त्यांचे चुंबकत्व उलटसुलट होते, त्यात ऊर्जेची उष्णता होते आणि हेलकावे मंदावतात.

आता प्रश्न असा, की हे जमिनीवर तपासायचे कसे? एकदा वर गेलेल्या उपग्रहापर्यंत पाना-पक्कड पोचत नाही! साध्या बॉल बेअरिंगचे घर्षणही इथे फार होते. म्हणून ‘एअर बेअरिंग’ वापरतात. एका वाटीसारख्या खळग्यात गुळगुळीत अर्धगोल बसवतात आणि खळग्याच्या छिद्रांतून दाबाखाली हवा सोडतात. केसाच्या जाडीपेक्षाही पातळ अशा हवेच्या थरावर अर्धगोल तरंगतो. त्यावर उपग्रह ठेवला, की तो बोटाच्या हलक्या स्पर्शानेही फिरतो. कॅरमवर पावडर टाकल्यावर सोंगटी कशी सुळकन जाते, ते आठवा.

घर्षण गेले, पण गुरुत्वाकर्षण राहिले. उपग्रहाचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या केंद्रापासून बाजूला फक्त 0.01 मिलिमीटर सरकला आहे, असे समजा. तर,

1 × 9.8 × 0.00001 = सुमारे 0.0001 न्यूटन-मीटर

एवढा पीळ त्याला बसेल. एवढ्या उपग्रहातल्या लहान चुंबकाला पृथ्वीकडून मिळणारा पीळ असतो 0.00001 न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे दहापट कमी! चुंबकाचे काम दिसणारच नाही. त्यामुळे चाचणीचा मोठा वेळ लहान वजने पुढे-मागे सरकवून तोल साधण्यातच जातो. शिवाय मेज उभ्या अक्षाभोवती कितीही फिरले, तरी बाजूला ठरावीक अंशांपर्यंतच कलू शकते. म्हणून उरलेला भाग गणिताने आणि संगणकाने तपासावा लागतो.

वर्गात करून पाहा : एक जोरदार चुंबक बारीक दोऱ्याने आडवा टांगा. त्याला थोडे वळवून सोडा आणि स्थिर होईपर्यंतचे हेलकावे मोजा. आता त्याच्या अगदी खाली, पण न टेकता, अॅल्युमिनियमचे जाड ताट ठेवा आणि पुन्हा मोजा. ताट चुंबकाला चिकटत नाही, स्पर्शही करत नाही. मग हेलकावे लवकर का थांबले? इथले कारण कांड्यांपेक्षा वेगळे आहे, पण हेलकाव्यांच्या ऊर्जेचे शेवटी काय झाले, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. उत्तर मुलांनाच शोधू द्या.