खात्री मागणारा आजार

विरार पूर्वेच्या चंदनसारसारख्या वस्तीत घरचं वेळापत्रक अनेकदा पाण्याच्या वेळेवर ठरतं. अशा घरात कुणी हात धुण्यातच बादल्या रिकाम्या करू लागलं, की भांडण पेटतं ते पाण्यावरून. दुखणं मात्र पाण्याचं नसतं आणि स्वच्छतेचंही नसतं. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, जिवाची घालमेल होते आणि ती शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. कुणी गॅसचा नॉब दहादा तपासतो, कुणी कुलूप ओढून पाहतो. देवासमोर अभद्र विचार आला म्हणून कुणी मनातल्या मनात क्षमा मागत राहतो, आणि हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. रूपं वेगळी असली तरी मागणी एकच असते : शंभर टक्के खात्री. म्हणूनच घरच्यांनी मायेनं दिलेली खात्री या आजाराला बरं करत नाही, पोसते.

हे विधान कठोर वाटेल, पण त्याला आधार आहे. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की विचित्र, नकोसे विचार निरोगी माणसांपैकीही बहुतेकांच्या मनात येतात. आशयातही फार फरक नसतो. निरोगी माणूस तो विचार झटकून पुढे जातो. रुग्णाला मात्र तो इशारा वाटतो, आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणं पाप वाटतं. हात धुतले की क्षणभर हायसं वाटतं, आणि मेंदू नेमकं तेच शिकतो : धुतलं म्हणून वाचलो. सावकाराचा हप्ता भरल्यावर आजची रात्र निवांत जाते, मुद्दल मात्र वाढतच राहतं, तसं हे आहे. ‘दार लागलंय ना?’ या प्रश्नाला आई विसाव्यांदा ‘हो रे’ म्हणते, तेव्हा त्या हप्त्यात तिचाही वाटा पडतो.

उपचाराची वाट याच तर्कातून निघाली. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी धुण्याच्या विळख्यात सापडलेल्या एका शिक्षिकेवर उपचार करताना तिच्या खोलीतले नळच बंद करवले. अर्थात पाणी नसणं हा उपचार नव्हे, नाहीतर टंचाईच्या गावात हा आजार उरलाच नसता. भीतीला सामोरं जायचं, धुवायचं नाही आणि घालमेल आपोआप ओसरते हे स्वतः अनुभवायचं, यात उपचार आहे. आज हा सराव रुग्णाच्या संमतीनं, सोप्या पायरीपासून अवघड पायरीकडे नेला जातो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हा सराव आणि क्लोमिप्रामाइन हे औषध दोन्ही नकली गोळीपेक्षा सरस ठरले, आणि सराव एकट्या औषधापेक्षाही सरस ठरला. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी औषधंही उपयोगी पडतात. मात्र डोस बहुधा नैराश्यासाठीच्या डोसपेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरवड्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणं ही म्हणूनच घाई ठरते.

कुणी म्हणेल, आमच्याकडे सोवळंओवळं पूर्वापार आहे, तोही आजारच का? नाही. सोवळं पाळणाऱ्याला ते संपल्याचं समाधान मिळतं. मंत्रचळाच्या रुग्णाला ते कधी संपलंसं वाटतच नाही. दिवसाचा तासाहून अधिक वेळ त्यात जात असेल किंवा नोकरी-संसार अडत असेल, तर तपासणी करायला हवी. दुसरा आक्षेप असा, की तडफडणाऱ्या माणसाला उत्तर नाकारणं क्रूरपणा आहे. एकाएकी, रागानं नाकारलं तर तो क्रूरपणाच आहे. पण डॉक्टरांसोबत आधी ठरवून, ‘तुला त्रास होतोय हे दिसतंय, मी जवळ आहे, पण पुन्हा उत्तर देणार नाही’ असं म्हणणं हा आधारच असतो. आणि गोळ्यांची सवय लागेल ही भीती? या औषधांची चटक लागत नाही. ती बंद मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू करायची असतात.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतल्या प्रौढांमध्ये मंत्रचळाचं प्रमाण सुमारे 0.8 टक्के आढळलं. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. पण तोच हिशेब इथे लावला, तर खच्चून भरलेल्या विरार लोकलच्या एका डब्यात असे दोघे-तिघे सहज निघतील. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा तिथलीच मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच संस्था गाठायची, तर दिवस मोडतो हे खरं. पण टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरूनही लागतो आणि पहिली विचारपूस तिथे करता येते. तोवर घरच्यांनी एक करावं : बादलीवरून भांडू नये आणि विसाव्या ‘हो रे’ची घाईही करू नये. दार लागलं असेल की नसेल, ही शंका उरूनही झोप लागू शकते, हे रुग्णाला शिकायचं असतं. आणि त्याच्या आधी घराला.