खेळता खेळता बंद पडणारा संगणक

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेवरील तालुक्यांत ज्या घरी संगणक आहे, त्या घरी एक तक्रार हटकून ऐकू येते. संगणकावर निबंध लिहा, हिशेब मांडा, चित्रपट पाहा. तो निमूटपणे काम करतो. परंतु मुलांनी एखादा मोठा खेळ लावला की अर्ध्या तासात पडदा काळा होतो. वडील मंडळी खेळाला दोष देतात, मुले यंत्राला देतात आणि दुकानदार नवे ग्राफिक्स कार्ड सुचवतो. खेळास पुरेशा कार्डाची किंमत सहज दोन-तीन क्विंटल तुरीइतकी होते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी दोष कोठे आहे हे आपणच शोधून पाहणे बरे.

खेळातच हे का घडावे? मोकळी गाडी ओढणारा बैल आणि भरलेली मोट ओढणारा बैल यांच्या दमण्यात जो फरक, तोच येथे आहे. लेखनाच्या वेळी संगणक जेमतेम काही दशक वॅट वीज घेतो. मोठ्या खेळात वेगळे कार्ड असलेले यंत्र २०० ते ४०० वॅटपर्यंत जाते. ही वीज अखेरीस उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते.

आता आपल्या भागातील हवामान पाहा. बीदर शहर २००० फुटांहून उंच पठारावर असल्याने थोडे सुसह्य, परंतु कलबुर्गीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. संगणकातील पंखा खोलीचीच हवा आत घेतो. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ अंशांवर चालतो, तो ४० अंशांच्या खोलीत साधारण ९० अंशांवर जाईल. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास प्रथम आपली गती कमी करतात आणि तरीही उष्णता वाढली तर स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद करतात. त्यात शहाबादी फरशीवर ठेवलेली पेटी, बीदरची तांबडी धूळ आणि मळणीच्या दिवसांतला भुसा! जाळी बुजली की पंखा नुसता घोंघावतो. परीक्षा सोपी आहे. पेटी उंचावर ठेवून बाजूचे झाकण काढावे, आत हात न घालता समोर टेबलफॅन लावावा आणि तोच खेळ तितकाच वेळ खेळावा. यंत्र टिकले तर दोष उष्णतेचा. आकडेच हवे असतील तर एचडब्ल्यू-इन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम ते दाखवतो.

दुसरे कारण विजेचे, आणि आमच्या मते त्याकडे फार दुर्लक्ष होते. शेतातील पंप एकदम सुरू झाले की दिवे क्षणभर मंदावतात, हे खेड्यात सर्वांनी पाहिले आहे. संगणकातील पॉवर सप्लाय २३० व्होल्टच्या विजेपासून १२ व्होल्टची स्थिर वीज बनवतो आणि थोडासा साठा जवळ ठेवतो. पूर्ण भार असता हा साठा सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागापुरताच पुरतो. भार हलका असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून विजेची तीच उचकी लेखनात लक्षातही येत नाही आणि खेळात मात्र यंत्र आडवे पाडते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरील कळ ‘यूपीएस’ या खुणेवर आहे ना, ते पाहावे; दुसऱ्या खुणेवर वीज बदलण्यास अधिक वेळ लागतो. स्वतंत्र यूपीएस असेल तर त्यावरील आकडा वाचावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. वीज जाताच तो खेळाच्या भाराखाली मान टाकतो. पॉवर सप्लायच जुना वा निकृष्ट असेल, तर घरची वीज निर्दोष असूनही हेच घडते.

बंद पडण्याच्या तऱ्हेवरूनही बरेच कळते. एकदम अंधार झाला तर वीज किंवा उष्णता. निळा पडदा आला तर बहुधा ड्रायव्हर किंवा रॅम. विंडोजमधील मेमरी तपासणी रात्री लावून ठेवावी. केवळ खेळ बंद पडून मुख्य पडदा दिसू लागला तर आधी खेळाच्या फाइली व ड्रायव्हर पाहावेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडताच पुष्कळजण रोग सापडला म्हणून आनंदतात! ती नोंद यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

साफसफाईपूर्वी वीजजोड काढून टाकावा, चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी आणि पेटीच्या धातूस हात लावावा. पंख्याची पाती बोटाने धरूनच धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र मुलांनीच काय, मोठ्यांनीही उघडू नये. जोड काढल्यावरही तीत जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत वेळ, खोलीची उष्णता, दिवा मंदावला की नाही, हे लिहावे. एवढ्याने न भागल्यास परिचिताकडील पुरेशा शक्तीचा पॉवर सप्लाय तंत्रज्ञाकडून लावून पाहावा. कार्डाची पाळी त्यानंतर. तोवर खेळातील चित्रांची गती सेकंदाला ६० वर बांधून ठेवली, तर पुष्कळ यंत्रांवरील भार कमी होतो आणि उन्हाळाही निभावतो.