फोम मारला, तरी भिंत ओलीच

नव्या खिडक्या बसवून मिस्त्री हत्यारं गोळा करू लागला की घरमालक हमखास विचारतो, "पावसाळ्यात पाणी येणार नाही ना?" उत्तरही ठरलेलं असतं. "फोम मारलाय साहेब, थेंब येणार नाही." मग मृगाचा पाऊस वाऱ्यासकट पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो आणि आठवड्याभरात खिडकीखालच्या रंगाला फुगे येतात. दुसरा मिस्त्री बोलावला जातो. तो आणखी फोम मारतो.

फोम म्हणजे वॉटरप्रूफिंग, हा समज नेमका कुणी पसरवला कोण जाणे, पण तो फोमपेक्षा जास्त फुगला आहे. डब्यातून येणारा पॉलियुरेथेन फोम हवेतला आणि पृष्ठभागावरचा ओलावा घेऊन कडक होतो. त्यात असंख्य बारीक कोश तयार होतात आणि कोशांत अडकलेला वायू उष्णता अडवतो. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट भरायची, उष्णता आणि आवाज रोखायचा, एवढंच त्याचं काम. ते तो उत्तम करतो. पण फटीबाहेर आलेला फुगवटा फिटर कटरने सपाट कापतो, तेव्हा वरची गुळगुळीत साय निघून जाते. उघड्या पडलेल्या कोशांत पाणी मुरतं. त्यावर ऊन पडत राहिलं तर फोम पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी बोटाने चुरा होतो. ही काही गुप्त माहिती नाही. ऊन लागू देऊ नका, झाकून घ्या, असं सहसा डब्यावरच छापलेलं असतं. फक्त डबा फिटरच्या पिशवीत असतो.

पाणी अडवायची जबाबदारी बाहेरच्या सीलंटची, आणि त्याच्याही आधी गवंड्याची. खिडकीच्या सिलला बाहेरच्या बाजूला उतार हवा. सिल भिंतीच्या थोडी पुढे यायला हवी आणि पुढे आलेल्या भागाला खालून खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळण्याऐवजी खाली ठिबकतं. ग्रॅनाइटच्या पट्टीवर एक गोटी ठेवून पाहावी. ती घराच्या दिशेने घरंगळली, तर भांडण फोमवाल्याशी नाही, फरशीवाल्याशी आहे.

सीलंटमध्येही मेख असतेच. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं. सिमेंट अल्कलीधर्मी, त्यामुळे गिलाव्यावर त्याची पकड टिकत नाही. बाहेरच्या फटीसाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचं सिलिकॉन मागावं आणि धूळ पुसूनच लावून घ्यावं. त्याआधी फटीत फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, बसवली की सीलंट फक्त दोन कडांना चिकटतं आणि मधे मोकळेपणाने ताणलं जातं. हा ताण काल्पनिक नाही. दीड मीटर लांबीची यूपीव्हीसीची चौकट तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे 3 मिलीमीटर लांबते किंवा आखडते. फट सिमेंटने ठासून भरणाऱ्यांना पहिल्याच उन्हाळ्यानंतर केसासारखी चीर दिसते, ती यामुळेच.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, खिडकीच्या कडेला इन्सुलेशन कशाला?" हेही ऐकू येतं. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत, एसी लावून बसलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. फटीतून थंड हवा बाहेर जाते, गरम हवा आत येते आणि विजेचं बिल वाढतं. 2018 साली आलेल्या केंद्राच्या ‘इको निवास संहिते’ने तर घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर, थंड हवामानाचा प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादाच सुचवली आहे.

जाड काच बसवली की रस्त्याचा आवाज बंद, हा समजही या प्रश्नाचाच भाऊ. इथे गणितच मांडू या. खिडकी 1.2 मीटर लांब-रुंद आहे आणि चारही बाजूंनी 3 मिलीमीटरची फट उघडी राहिली आहे. सगळी फट एकत्र केली तर 144 चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे खिडकीच्या बरोबर 1 टक्का. काच आवाज 35 डेसिबलने कमी करणारी असली, तरी या एका टक्क्यामुळे अख्खी खिडकी 20 डेसिबलच्या आसपासच अडकते. महागड्या काचेचे पैसे फटीतून गेले!

जास्त फोम म्हणजे जास्त मजबुती, हेही खोटं. फुगणाऱ्या फोमच्या दाबाने चौकट आत वाकते आणि सरकती खिडकी अडकू लागते.

आणि ट्रॅकच्या तळाशी बाहेर उघडणारी ती छोटी भोकं. पाणी तिथूनच येतं, असं समजून अनेक घरांत त्यांत सिलिकॉन भरलेलं असतं. ती पाणी बाहेर जाण्याची वाट आहे. पावसाळ्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते तुंबलं तर भोकं मोकळी करून घ्या.