न उघडता करायची पारख

धान्याच्या व्यापाऱ्याने पोत्यातून मूठभर दाणे तळहातावर घ्यावेत, सराफाने दागिन्याचा कस लावावा, कापडवाल्याने ताग्याचे टोक उलगडून धागा पाहावा, ही पेढीवरची जुनी रीत. माल पाहिल्यावाचून भाव बोलू नये, हा धडा व्यापारी घरातील मुलाला वेगळा शिकवावा लागत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत असा एक बाजार उभा राहिला आहे, जेथे माल उघडून पाहिला की त्याचे मोल त्याच क्षणी घसरते. जुन्या व्हिडिओ गेमची, कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही न उघडलेली खोकी हा तो माल. त्याची मोठी उलाढाल अमेरिकेत आणि बहुतांशी ऑनलाइन होते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या तरुणांना, तसेच इथे बसून मोबाईलवर परदेशी लिलाव पाहणाऱ्यांना या बाजाराचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. म्हणूनच त्यातील खऱ्याखोट्याची ओळख घरातील वडीलधाऱ्यांनाही असलेली बरी. पैसा बहुधा त्यांच्याच सल्ल्याने बाहेर पडतो.

एवढी किंमत कशाची?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आपले घरगुती खेळयंत्र आणले. टीव्हीला जोडायचे यंत्र, त्यात घालायची कॅसेट आणि कॅसेटचे पुठ्ठ्याचे खोके, असे त्याचे स्वरूप होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या घरांत ‘टीव्ही गेम’ होता, तेथे बहुधा याच यंत्राची स्वस्त नक्कल असे. अमेरिकेत मुलांनी भेट मिळताच वेष्टण फाडले, कॅसेट वापरली आणि खोके केरात गेले. असे सर्वांनीच केल्यामुळे न फाडलेले खोके दुर्मीळ झाले.

एप्रिल २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाची एक सीलबंद प्रत हेरिटेज ऑक्शन्स या अमेरिकी लिलावगृहात ६ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. १९८६ साली नाताळची भेट म्हणून घेतलेली ही प्रत टेबलाच्या खणात विसरून राहिली होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरना आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. हा शेवटचा खेळ १९९६ मधला; त्याच्या जगभर एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि त्याची सुटी कॅसेट आजही किरकोळ किमतीत मिळते. पुढे हा ज्वर उतरला आणि भाव बरेच खाली आले. तरीही उघडलेल्या आणि न उघडलेल्या प्रतीच्या किमतींतील अंतर मोठेच राहिले. हे अंतर ज्यावर उभे आहे, ती वस्तू म्हणजे केसाएवढ्या जाडीची प्लॅस्टिकची फिल्म. इतक्या स्वस्त वस्तूला इतका भाव येतो, तेथे नक्कल करणारा आल्यावाचून राहत नाही.

नक्कल इतकी सोपी का?

सुक्या मेव्याची खोकी, भेटवस्तू, पुस्तकांचे संच यांवर श्रिंक रॅप चढवणारे यंत्र व्यापारी वाचकांना नवे नाही. खोके फिल्ममध्ये घालायचे, कडा तापलेल्या तारेने कापून जोडायच्या आणि गरम हवा सोडायची. काही क्षणांत फिल्म आकसून खोक्याला चिकटते. असे यंत्र परवडणाऱ्या किमतीत मिळते. जुनी कॅसेट आणि बऱ्या स्थितीतील रिकामे खोके स्वतंत्रपणे विकत घ्यायचे, एकत्र करायचे आणि वर नवे वेष्टण चढवायचे, एवढ्यावर फसवणूक उभी राहते. आत कॅसेट मूळची आहे, दुसरीच आहे की केवळ वजन आहे, हे खरेदीदार पाहणार नाही, कारण पाहिले तर वस्तूची किंमत तोच कमी करील.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. प्रत्येक खोटे सील फसवण्याच्या हेतूनेच केलेले असते असे नाही. अमेरिकेतील अनेक दुकानांतही श्रिंक रॅपची यंत्रे होती आणि ग्राहकाने परत केलेला माल पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवला जाई. असे खोके पंचवीस-तीस वर्षे कोणाच्या माळ्यावर राहिले, तर त्याचे वेष्टण जुने असते, विक्रेता प्रामाणिक असतो, आणि तरीही ते कारखान्याचे सील नसते. विक्रेत्याची सचोटी आणि वस्तूची सत्यता या दोन निराळ्या बाबी आहेत. दोन्हींची खातरजमा वेगवेगळी करावी लागते.

जोड काय सांगतो?

अनुभवी संग्राहक खोक्याची दर्शनी बाजू शेवटी पाहतो. तो आधी पाठ पाहतो, कारण वेष्टणाचे जोड तेथे असतात. निन्टेन्डोच्या त्या काळातील खोक्यांवर फिल्म नळीसारखी गुंडाळून पाठीवर जोडलेली असे आणि मग दोन्ही टोकांना कापून बंद केलेली असे. त्यामुळे पाठीवरून जाणारा एक जोड आणि टोकांचे दोन जोड मिळून इंग्रजी एच अक्षरासारखी आकृती होते. संग्राहक त्या जोडाला याच अक्षराच्या नावाने ओळखतात. दुकानातील साध्या यंत्रावर मात्र दुमडलेली फिल्म घेऊन ती खोक्याच्या कडेने काटकोनात जोडली जाते; तेथे पाठ कोरी राहते आणि जोड कडांवरून फिरतो. जेथे एचचा जोड असायला हवा तेथे कडेचा जोड दिसला, तर संशयाला पुरेसे कारण मिळते.

याचे उलट मात्र खरे नाही. एचचा जोड दिसला म्हणून सील अस्सल ठरत नाही, कारण जाणकार भामटे तोही करू लागले आहेत. तेव्हा पुढची पायरी तुलनेची. जोड किती रुंद आहे, तो सरळ जातो की वेडावाकडा, हवा बाहेर पडण्यासाठी फिल्मला असलेली सूक्ष्म छिद्रे कोठे व कशी आहेत, हे सर्व त्याच खेळाच्या, त्याच प्रकाशकाच्या आणि त्याच सुमाराच्या निर्विवाद प्रतीशी ताडून पाहावे लागते. प्रत्येक प्रकाशकाची बांधणी सारखी नसते.

पुढच्या काळातील डिस्कच्या खेळांची रीत वेगळी. अत्तराच्या किंवा चहाच्या खोक्यावरील पारदर्शक कागद जसा टोकांशी पाकिटासारखा दुमडून चिकटवलेला असतो, तशी घडी त्यांपैकी पुष्कळांवर आढळते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सोनी प्लेस्टेशनच्या अनेक खेळांना वेष्टणाच्या आत, डबीच्या वरच्या कडेवर, खेळाचे नाव छापलेली चिकटपट्टी असे. घडीच्या जागी आकसलेली फिल्म असेल, किंवा बाहेरचे वेष्टण अभंग असून आतली पट्टी नाहीशी झाली असेल, तर डबी मध्यंतरी उघडली गेली असावी असे मानावे.

याउलट, काही वेळा प्लॅस्टिक असणेच खटकले पाहिजे. निन्टेन्डोचे अमेरिकेतील अगदी आरंभीचे खेळ वेष्टणात येतच नसत. खोक्याचे झाकण छोट्या गोल स्टिकरने बंद केलेले असे. तशा पहिल्या छपाईच्या खोक्यावर श्रिंक रॅप दिसले, तर ते कारखान्यात चढलेले नाही. यासाठी खेळाचे नाव ठाऊक असून भागत नाही. खोके कोणत्या छपाईचे आहे, हेही कळावे लागते.

पुठ्ठा आणि प्लॅस्टिक यांचे वय

खोके आणि वेष्टण एकाच दिवशी एकत्र आले असतील, तर दोघांनी सारखेच उन्हाळे-पावसाळे पाहिलेले असतात. तीस-चाळीस वर्षांचे खोके फळीवर सरकले, दुसऱ्या खोक्यांना घासले, तर ओरखडे आधी प्लॅस्टिकवर उठतात. पुठ्ठ्याच्या कडा पांढऱ्या पडल्या आहेत, कोपरे झिजले आहेत, पण वरचे प्लॅस्टिक मात्र नितळ आणि चकचकीत आहे, असे दिसले तर झीज आधीची आणि वेष्टण नंतरचे, हा सरळ हिशेब आहे.

हीच कसोटी स्टिकरलाही लागते. दुकानाची किंमतपट्टी सामान्यतः वेष्टणावर चिकटवली जाते. ती प्लॅस्टिकच्या खाली, पुठ्ठ्यावर असेल, किंवा तेथे डिंकाचा डाग अथवा भाड्याने खेळ देणाऱ्या दुकानाच्या लेबलाची खूण असेल, तर खोके कधीतरी उघडे होते. झाकणाच्या घडीवर उघडझाकीची पांढरी रेघ उमटली असेल, तरी तोच अर्थ. वेष्टणावरील जुनी किंमतपट्टी ही अनुकूल खूण खरी. पण ती एका वस्तूवरून अलगद काढून दुसरीवर लावता येते, हे विसरू नये.

कोणतीही एक खूण निकाल देत नाही. पेढीवर वही, पावती आणि शिल्लक माल तिन्ही जुळल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. इथेही जोड, झीज आणि छपाई यांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे.

प्रमाणपत्राची मर्यादा

खरेदीदाराच्या सोयीसाठी श्रेणीकरण करणाऱ्या संस्था आहेत. वर उल्लेखिलेल्या प्रतींना वाटा गेम्स या संस्थेची श्रेणी होती. अशी संस्था खोक्याला १० पैकी गुण देते, वेष्टणाला वेगळी अक्षरश्रेणी देते आणि वस्तू कडक पारदर्शक डबीत बंद करून तिला क्रमांक देते. नवशिक्या खरेदीदाराला याचा मोठा आधार होतो. तरीही सोन्यावरील हॉलमार्क आणि ही श्रेणी यांत अंतर आहे. सोन्याची शुद्धता प्रत्यक्ष धातू तपासून ठरते, आणि दागिन्यावरील सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी ग्राहकाला बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. सीलबंद खेळाच्या बाबतीत परीक्षकालाही आत पाहता येत नाही. त्याचे मत बाहेरच्या खुणांवरून दिलेले असते.

याचा प्रत्यय शेजारच्याच बाजारात आला. यूट्यूबमुळे प्रसिद्ध झालेला लोगन पॉल याने पोकेमॉन कार्डांची, सत्यतेची ग्वाही मिळालेली सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरना विकत घेतली. जानेवारी २०२२ मध्ये ती उघडली, तेव्हा आत जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेची कार्डे निघाली. बाहेरचे सील पाहून जाणकारही चुकले होते. त्याच वर्षी जुन्या संगणक खेळांच्या संग्राहकांतही बनावट प्रतींचा संशय उघड झाला. अनेकांनी आपापल्या प्रतींची छपाई आणि लेबले एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा तो बळावला. एकेकट्याच्या कपाटात जे लपले होते, ते चारचौघांत उघडे पडले.

म्हणून प्रमाणित वस्तू घेतानाही डबीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तेथील नोंद हातातील वस्तूशी जुळवावी. लेबल आणि डबी यांचीही नक्कल होऊ शकते.

पैसे देण्यापूर्वी

ऑनलाइन खरेदीत वस्तू हातात नसते, म्हणून छायाचित्र हाच पहिला पुरावा. पुढील गोष्टी विक्रेत्याकडे सभ्यपणे पण स्पष्टपणे मागाव्यात.

• खोक्याच्या सहाही बाजूंची, विशेषतः पाठीवरील आणि टोकांच्या जोडांची, तिरप्या उजेडात काढलेली स्वच्छ छायाचित्रे.

• ही वस्तू कोठून, केव्हा आणि कोणाकडून आली याची माहिती. जुनी पावती असल्यास तिचे छायाचित्र.

• ‘कारखान्याचे मूळ सील’ असा स्पष्ट लेखी उल्लेख. केवळ ‘सीलबंद’ किंवा ‘जसे आहे तसे’ या शब्दांवर विसंबू नये.

• त्या विक्रेत्याने याआधी काय विकले, याची नोंद. एकाच माणसाकडे एकसारखी चकचकीत दुर्मीळ खोकी वारंवार निघत असतील, तर ती कोठून येतात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पैसे नेहमी त्या बाजारपेठेच्या अधिकृत व्यवस्थेतूनच द्यावेत. ‘बाहेर व्यवहार केला तर स्वस्तात देतो’ असे म्हणणारा विक्रेता खरेदीदाराचे संरक्षण काढून घेत असतो. ईबेसारख्या ठिकाणी वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत करण्याची सोय असते, परंतु तिला मुदत असते; पार्सल येताच ते उघडतानाचे चित्रण करून तपासणी त्याच दिवशी करावी. भारतात बसून मागवणाऱ्याने आयातशुल्क आणि परत पाठवण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर वस्तू मागवायची असेल, तर ती तपासण्याची जबाबदारी कोणाची, हे घरात आधी ठरवावे. नाहीतर मुदत टळते आणि नात्यात उगाच कटुता येते.

विकणाऱ्याची बाजू

हा विषय केवळ खरेदीपुरता नाही. अमेरिकेत वीस-तीस वर्षे राहिलेल्या एखाद्या कुटुंबाच्या तळघरात असे खोके निघू शकते आणि ते विकण्याचा मोह होऊ शकतो. वेष्टण कोणी चढवले याची खात्री नसेल, तर तसे लिहून द्यावे. झाकण सैल दिसते म्हणून घरातल्या यंत्रावर नवे प्लॅस्टिक चढवणे आणि त्याविषयी गप्प राहणे, हे वजनात मारण्याइतकेच खोटे आहे. घेणारा ते उघडणार नाही, म्हणून ते कधीच कळणार नाही, हे खरे असू शकते. पण म्हणूनच तेथे विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरी तपासणी उरत नाही.

घेणाऱ्याने मात्र केवळ शब्दावर जाऊ नये. शंका उरली, तर सुटी कॅसेट घ्यावी. ती थोड्या पैशांत मिळते, यंत्रात घालून तपासता येते, आणि मुलांना खेळताही येते.