खारेपाटातले उलटे सिंचनशास्त्र

जलसंपदा आणि सिंचन अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हटले की धरण, कालवा, चाऱ्या आणि पाणीपाळ्या आठवतात. पिकाला पाणी किती, कधी आणि कुठून द्यायचे, या हिशेबावरच या विषयाची पाठ्यपुस्तके उभी आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र पहिला प्रश्न उलटा पडतो: शेतातले पाणी बाहेर कसे काढायचे आणि खाडीचे आत कसे येऊ द्यायचे नाही? जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तर पेण-अलिबागचा खारेपाट, म्हणजे खाडीलगतचा खारवट जमिनीचा पट्टा, ही या विषयाची उघड्यावरची प्रयोगशाळा आहे. एका प्राध्यापकाची सारी कारकीर्द पुरेल एवढा अभ्यास इथे पडून आहे.

झडपेचे गणित

खारभूमीची शेती बाहेरकाठा आणि उघाडी यांच्या भरवशावर उभी असते. बाहेरकाठा म्हणजे खाडीच्या बाजूचा मातीचा बांध. लाटांचा मार बसतो तिथे त्याला दगडी पिचिंग करतात. उघाडी म्हणजे बांधातले झडपेचे दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप उघडते, भरती चढली की बाहेरच्या दाबाने मिटते. ना वीज लागते, ना मोटर.

रचना साधी, पण तिचे माप ठरवणे अवघड. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, आणि त्या वेळातला काही भागच झडप उघडी राहते. 100 हेक्टरच्या खारीवर, म्हणजे बांधाआतल्या शेतजमिनीवर, 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 1 लाख घनमीटर पाणी होते. डोंगरावरून उतरणारे वेगळेच. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाणी बांधाच्या माथ्याशी भिडते, म्हणून बांध फुटायची भीती. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओहोटी पुरेशी उतरत नाही, म्हणून निचरा रखडायची भीती. बांधाची उंची उधाण बघून ठरवायची आणि उघाडीची रुंदी भांग बघून.

मीठ आणि भात

जून-जुलैचा पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो, म्हणून खारीत खरिपाचे भात येते. पाऊस सरला की केशाकर्षणाने मीठ पुन्हा वर चढते आणि उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी पूड दिसते. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे 50 डेसिसिमेन असते; मुळांजवळच्या जमिनीत ती 3 च्या पुढे गेली की भाताचा उतारा घटू लागतो. एका उधाणात बांधाला खांड (भगदाड) पडली की त्या हंगामाबरोबर पुढचेही का बुडतात, ते या दोन आकड्यांत दिसते.

इथे स्थापत्य अभियंत्याला शेतीशास्त्राचे दार ठोठावावे लागते. 1972 मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. खारवट जमिनीत तग धरणारी पनवेल-1, 2 आणि 3 ही भाताची वाणे तिथलीच. त्याआधी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला लाल तांदळाचा राता होताच.

बांध कोणाचा?

हा प्रश्न विषयाच्या अभ्यासक्रमात बसत नाही, पण त्याच्याशिवाय खारेपाट कळत नाही. बांध कोणाचा हे जमीन कोणाची याच्याशी जोडलेले आहे. अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप 1933 ते 1939 असा चालला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. पुढे 1948 मध्ये मुंबई प्रांताने खारभूमी कायदा केला, तर 1979 मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. बांधबंदिस्तीत शासन उतरले, पैसा आणि यंत्रे आली. पण खांड वाट बघत नाही. दर भरतीला ती रुंदावते, आणि अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांना महिने लागतात. खाडीचे पाणी बरीच वर्षे आत खेळत राहिले की तिवरे उगवून कांदळवन होते. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांना कडक संरक्षण दिले. ते किनाऱ्यासाठी हवेच, पण सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर कांदळवन अशी गाठ शेतकऱ्यापुढे पडते.

विजेच्या वेळापत्रकावरचे गोडे पाणी

कालव्याचे नेहमीचे सिंचनही या जिल्ह्यात आहे, पण त्याचा उगम घाटावर. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून 1927 पासून कोकणात उतरते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले हे पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. वाटेत डोलवहालच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांत सोडतात आणि त्यावर उन्हाळी भात पिकते. मात्र भिऱ्याला पाणी सुटते ते विजेच्या मागणीनुसार. या पाण्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या मावळ्यांचा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह 1921 चा. पाण्याच्या फायद्यातोट्याचा पूर्ण हिशेब मांडायचा तर तो डोलवहालच्या खालूनच नव्हे, मुळशीच्या वरूनही मांडावा लागतो.

तीन दप्तरे

उघाड्यांची मापे खारभूमी विभागाकडे, बियाण्याचे ज्ञान कृषी विद्यापीठाकडे, आणि कोणता बांध कुठे दगा देतो हे शेतकऱ्याकडे. ही तीन दप्तरे एका टेबलावर आणणे, हेच इथल्या सिंचनाच्या प्राध्यापकाचे खरे काम. समुद्राची पातळी वाढते आहे. जुन्या भरतीच्या मापाने बसवलेल्या उघाड्यांचे उंबरे पुन्हा मोजावे लागणार आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक तुकडीला काही उघाड्या नेमून द्याव्यात. उंबऱ्याची पातळी, उधाण आणि भांग या दोन्ही दिवसांचे पाणी, जानेवारी आणि मे महिन्यातला मातीचा खारटपणा, आणि मागची खांड कधी व कुठे पडली याची शेतकऱ्याने सांगितलेली हकिकत, एवढे प्रत्येकीचे नोंदवावे. खर्च फारसा नाही. अशा दहा तुकड्या बाहेर पडल्या की पुढच्या बांधाचा आराखडा कुणालाही अंदाजाने करावा लागणार नाही.