बदलापूरहून कोणतं विमानतळ जवळ? नकाशावरचं अंतर आणि खरा वेळ

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांना तिकीट काढताना एक प्रश्न पडतो: मुंबईहून जावं की नवी मुंबईहून?

नकाशावर पट्टी ठेवली तर उत्तर सोपं वाटतं. बदलापूरपासून नवी मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण २७ किलोमीटर, मुंबई विमानतळ ४२. उल्हासनगरहून हेच आकडे २७ आणि ३४. पण मध्ये मलंगगड-चंदेरीची डोंगररांग आडवी आहे! त्यामुळे गाडीला काटई, शिळफाटा, तळोजा असा वळसा पडतो. संध्याकाळची शिळफाट्याची कोंडी तर तुम्हाला सांगायला नकोच.

लोकलने जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने पनवेलकडे आणि तिथून रिक्षा-टॅक्सी. मुंबई विमानतळासाठी फास्ट लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ मध्ये बदललं की पुढचंच स्टेशन टर्मिनल २. म्हणजे अंतर जास्त, पण वाटेत ट्रॅफिक नाही.

आता आकाशातलं गणित. दोन्ही विमानतळांपासून दिल्ली हवाई मार्गाने जवळपास सारख्याच अंतरावर आहे, सुमारे १,१४० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दीड तासात पोहोचायला हवं, पण तिकिटावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ लिहिलेला असतो. कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरण्याआधी हवेत घिरट्या, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. वाराही हिशेबात असतो: मुंबई-लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

थोडक्यात, वेळ वाचतो किंवा जातो तो जमिनीवर. म्हणून उलटं मोजा. सकाळी ७ चं विमान असेल तर चेक-इन काउंटर साधारण ६ ला बंद होतो, म्हणजे ५ पर्यंत पोहोचलेलं बरं. त्या वेळेला लोकलच्या भरवशावर राहता येत नाही, गाडीच करावी लागते. पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा नवी मुंबई सोयीचं. दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान असेल आणि सामान कमी असेल, तर आमच्या मते लोकल-मेट्रोने मुंबईच बरी.

आणि पैसे भरण्याआधी कोड नक्की बघा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. ‘मुंबई’ टाकून शोधलं तर दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. चुकीच्या विमानतळावर उतरलात तर दुसरं सरळ रेषेतच साधारण २४ किलोमीटरवर आहे, मध्ये ठाण्याची खाडी, आणि तोवर काउंटर बंद झालेला असतो.