यजमानपद मैदान पाहून द्या
नाशिक जिल्ह्यात कुमार गटाची कबड्डी स्पर्धा कुणी भरवायची, हे ठरवताना खर्चाआधी मैदानाचा विचार व्हायला हवा. २२ मार्च २०२१ रोजी तेलंगणातल्या सूर्यापेटला राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या उद्घाटनालाच तात्पुरती गॅलरी कोसळून शंभरावर माणसं जखमी झाली. गॅलरी निदान नजरेत भरते. मॅटचे दोन तुकडे जुळतात तिथली फट कुणी पाहत नाही. चढाईपटू झपकन वळतो, अंगठा फटीत अडकतो आणि गुडघा पिरगळतो.

नियम कडक केले तर पेठ, सुरगाणा या तालुक्यांना स्पर्धाच मिळणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण चाळलेल्या मातीचं, पाणी मारून चोपलेलं मैदान फटी पडलेल्या मॅटपेक्षा केव्हाही बरं, आणि ते तालुक्यालाही परवडतं. खेळ रांगडा आहे, मुलांनी सोसावं, हे मात्र अजिबात पटत नाही. कॅनडाने २०१३ मध्ये ११-१२ वर्षांच्या मुलांच्या आइस हॉकीत अंगावर धडक मारणं बंद केलं. दुखापती घटल्या, खेळ टिकला. आपल्याकडे कुमारांचं वजन काट्यावर तपासतातच. तसंच आदल्या दिवशी पंचांनी मैदान, गॅलरी, रुग्णवाहिका पाहून सही करावी. सही नसेल तर सामना सुरू करू नये.